रंग लपविणारे मणी

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तेलाचा एखादा थेंब सांडला, तर पाण्यावर निळ्या, हिरव्या, जांभळ्या रंगांची वलये उमटतात. साबणाच्या फुग्यावर असेच रंग खेळतात. कबुतर मान वळवते, तेव्हा तिच्यावरील हिरवी झाक क्षणात जांभळी होते. तेलात, साबणाच्या पाण्यात किंवा पिसात हे रंग कोणी कालविलेले नसतात. पाहणाऱ्याची जागा बदलली की ते बदलतात, आणि कधी कधी अजिबात नाहीसे होतात. या गुणाला रंगदीप्ती असे म्हणतात. काही दगडांनाही निसर्गाने ही देणगी दिली आहे. अशा दगडांचे मणी ओवून गळ्यातील माळा व मनगटावरील ब्रेसलेट तयार करतात. हे मणी पारखून घेणे हे वरवर सोपे वाटणारे, परंतु डोळसपणे करावयाचे काम आहे.

अशा दगडांपैकी एकाचे नाव लॅब्रॅडोराइट. कॅनडाच्या ईशान्येस लॅब्रॅडोर नावाचा थंड, खडकाळ किनारा आहे. तेथे गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी सुमारे 1770 साली हा दगड युरोपच्या नजरेस आणला आणि त्या प्रदेशावरूनच त्याचे नाव पडले. प्रथमदर्शनी हा दगड अगदी सामान्य, राखाडी दिसतो. वाटेत पडलेला असता, तर कोणी उचललाही नसता. पण तो हातात घेऊन उजेडात हळूहळू फिरवला की एका विशिष्ट क्षणी त्याच्या पोटातून निळा किंवा सोनेरी प्रकाश झळकतो. आणखी थोडा फिरवला की तो प्रकाश मावळतो आणि हाती पुन्हा राखाडी दगड उरतो.

हा चमत्कार कसा घडतो? हा दगड फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या कुळातील आहे. भूगर्भातील तप्त रस अतिशय सावकाश थंड होत असताना या खनिजाचे घटक वेगळे होतात आणि त्यांचे एकाआड एक असे पातळ थर बनतात. एका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. प्रकाश या थरांवर पडला की प्रत्येक थरावरून त्याचा थोडा थोडा अंश परत फिरतो. परतणाऱ्या या लहरींपैकी काही एकमेकींना बळ देतात, तर काही एकमेकींना पुसून टाकतात. ज्या रंगाच्या लहरींना बळ मिळते, तो रंग डोळ्यांस दिसतो. थर पातळ असतील तर निळा आणि जाड असतील तर पिवळा वा तांबडा रंग प्रकटतो.

भारताचे थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना या दगडांनी मोहिनी घातली होती. 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतरही त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. 1948 साली त्यांनी बंगळूर येथे स्वतःची संशोधन संस्था स्थापन केली. तेथे त्यांनी खनिजे, रत्ने व शिंपले यांचा संग्रह केला आणि 1950 च्या सुमारास लॅब्रॅडोराइट, चंद्रकांत, ओपल इत्यादींच्या रंगांचा अभ्यास केला. ओपलचे रहस्य 1964 साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने उलगडले. त्या दगडात थर नसून सिलिकेचे अतिसूक्ष्म, समान आकाराचे गोल एकावर एक नीट रचलेले असतात असे त्यांना आढळले.

थरांची ही हकिकत मणी निवडणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. दगडातील थर मिटलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकमेकांस समांतर असतात. अशा पुस्तकातून एक गोल मणी कोरून काढला आहे अशी कल्पना करावी. पानांच्या समोरून पाहिले, तर रंग दिसेल. पानांच्या कडांकडून पाहिले, तर दिसणार नाही. म्हणजे प्रत्येक मण्यावर समोरासमोरच्या दोनच जागी रंगाची खरी झळक असते. आता दोरा ओवण्यासाठी पाडावयाचा वेज पानांच्या आरपार गेला, तर त्या दोन्ही जागा वेजाच्या तोंडाशी येतात आणि शेजारच्या मण्यांआड कायमच्या दडतात. दगड उत्तम असूनही माळ निस्तेज दिसते. याउलट वेज पानांना समांतर गेला, तर झळक बाहेरच्या अंगास राहते. एवढ्यासाठी मणी विकत घेताना वेज आडवा धरून मणी हळूहळू फिरवून पाहावा. संपूर्ण फेऱ्यात दोनदा रंग झळकला, तर कारागिराने वेज विचारपूर्वक पाडला आहे असे समजावे.

वेज पाडणे ही मोठी जुनी कला आहे. गुजरातेतील खंबायत येथील कारागीर अकीकाच्या कठीण मण्यांना वेज पाडण्यासाठी कमानीने फिरविला जाणारा सामता वापरत आले आहेत. त्याच्या टोकाला हिरकण्या बसविलेल्या असतात. मण्याच्या दोन्ही बाजूंनी भोक पाडीत आणून ते मध्यभागी मिळविले, म्हणजे मण्याची कड फुटत नाही. कड खरबरीत राहिली, तर ती दोरा कापते आणि एके दिवशी सारे मणी जमिनीवर विखुरतात. म्हणून वेजाच्या तोंडावरून नख फिरवून पाहावे.

दुसरी परीक्षा कठीणपणाची. 1812 साली फ्रीडरिख मोस याने खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी सुचविली. तिच्यात हिरा दहावा, गारगोटी सातवी आणि फेल्डस्पार सहावा. साध्या धुळीतही गारगोटीचे कण असतात. त्यामुळे लॅब्रॅडोराइटवर कालांतराने बारीक चरे पडतात. शिवाय तो दोन दिशांनी सहज चिरतो. गळ्यातील माळेपेक्षा मनगटावरील मण्यांना टेबल, भिंत, बादली यांचे धक्के अधिक बसतात. तेव्हा मणी दिव्यासमोर धरून वेजापर्यंत पोहोचलेली चीर आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते. ओपलमध्ये थोडे पाणीही असते. अति उष्णतेने ते उडून गेले, तर त्यास तडे जातात. मोती तर याहून कितीतरी मऊ असतो.

बाजारात काचेच्या किंवा स्फटिकाच्या मण्यांवर धातूचा अतिपातळ लेप देऊन रंग आणलेले मणीही मिळतात. त्यांचा रंग आतून येत नाही. तो सर्व बाजूंवर पसरलेला असतो आणि वेजापाशी लेप घासला गेला की खालची काच उघडी पडते. असे मणी लेपाचे म्हणून विकले, तर त्यात गैर काही नाही. मात्र खरे म्हणून विकले, तर ती फसवणूक होय.

किती मणी लागतील, याचा हिशेब सोपा आहे. मनगटाचा घेर 15 सेंटिमीटर असेल, तर हात मोकळा राहावा म्हणून 17 सेंटिमीटरची माळ धरावी. मणी 8 मिलिमीटरचे असतील, तर 170 ला 8 ने भागून सुमारे 21 मणी लागतात.

निवडलेले मणी करड्या कापडावर मांडून, एकाच दिव्याच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. काही तत्काळ चमकतील, काही गप्प राहतील. गप्प राहिलेला मणी टाकून देण्यापूर्वी तो एकदा वळवून पाहावा. कित्येकदा दोष दगडात नसतो, तर पाहणाऱ्याने धरलेल्या बाजूत असतो.