भूमिगत वायुवाहिन्यांचा अंकीय नकाशा

नळाने येणारा इंधनवायू महाराष्ट्रास सर्वस्वी नवा नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे लागले, ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर. आज घरोघरी येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. मुंबईत त्याच्या वितरणासाठी १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. पुढे हे जाळे पुणे व अन्य शहरांत विस्तारले आणि आता ते शहरांलगतच्या गावांच्या हद्दीतूनही जाऊ लागले आहे. जाळे जमिनीखाली असल्याने त्याची देखभाल नकाशावरूनच करावी लागते.

वायू शहराच्या वेशीवर उच्च दाबाच्या पोलादी वाहिनीने येतो. मुळात तो गंधहीन असल्यामुळे गळती नाकास कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळण्यात येते. नंतर दाब टप्प्याटप्प्याने उतरविला जातो. गल्लीबोळांतील पॉलिएथिलिनच्या नळांत तो साधारणतः ४ बार असतो, तर शेगडीपाशी अवघा २१ मिलिबार. पॉलिएथिलिन गंजत नाही हा त्याचा मोठा गुण होय. परंतु धातू शोधणाऱ्या यंत्रास तो नळ सापडत नाही. चर बुजविण्यापूर्वी नोंद झाली नाही, तर पुढे त्याचा शोध घेणे दुरापास्त होते.

अंकीय नकाशा म्हणजे कागदी नकाशाचे संगणकावरील चित्र नव्हे. गावनकाशा आणि सातबाराचा उतारा एकमेकांस कायमचे जोडले, तर जे होईल त्याच्याशी या प्रणालीचे साम्य आहे. प्रत्येक नळ ही एक रेषा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह हा एक बिंदू. रेषेवर बोट ठेवताच नळाचा व्यास, साहित्य, खोली, टाकल्याचे वर्ष व दाबचाचणीचा दिनांक समोर येतो. पॉलिएथिलिनचे नळ विजेच्या उष्णतेने सांधणाऱ्या जोडांवर बारकोड असतो. तो नोंदविल्यास सांधा केव्हा व कसा केला हेही कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणती रेषा कोणत्या रेषेस जोडलेली आहे, हे संगणकास ठाऊक असते.

याचा उपयोग संकटसमयी दिसून येतो. समजा, गटाराचे काम चालू असता जेसीबीचा दात नळास लागला. मिथेनचे हवेतील प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगीही स्फोटास पुरेशी होते. अशा वेळी प्रणाली फुटलेल्या जागेपासून जाळ्याच्या सर्व दिशांना मागोवा घेते आणि कोणते व्हॉल्व्ह बंद करावयाचे त्यांची यादी देते. अनेक ठिकाणी एकाच नळास दोन बाजूंनी वायू मिळतो. तेथे एक व्हॉल्व्ह बंद करून काम भागत नाही, आणि घाईत कागदी नकाशा पाहणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. पुरवठा कोणत्या घरांचा खंडित होईल, त्यात रुग्णालय आहे काय, हेही त्याच यादीत मिळते. ही घरांची यादी दुय्यम समजू नये. पुरवठा पूर्ववत होताना एखाद्या घरी शेगडीची कळ उघडी राहिलेली असेल, तर वायू न पेटता घरात साचेल.

मात्र नकाशा संगणकावर आला म्हणजे तो खरा झाला असे नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी १९५६ साली टाकलेली ३० इंची वायुवाहिनी फुटली. ८ माणसे मृत्युमुखी पडली आणि ३८ घरे नष्ट झाली. वायूचा प्रवाह थांबविण्यास ९५ मिनिटे लागली. चौकशीत असे आढळले, की कंपनीच्या भौगोलिक माहिती प्रणालीत तो भाग 'सांधारहित नळ' म्हणून नोंदलेला होता. प्रत्यक्षात तेथे सदोष सांध्यांचे आखूड तुकडे जोडलेले होते. जुन्या कागदातील चूक संगणकात जशीच्या तशी उतरली होती, आणि वाहिनीच्या धोक्याचे मोजमाप अशाच नोंदींवरून केले जात होते. कागदावरील चुकीविषयी मनुष्य साशंक तरी असतो. पडद्यावरील चूक अधिक विश्वासार्ह वाटते.

स्थाननिश्चितीचेही तसेच. साध्या मोबाईलवरील स्थान काही मीटरने चुकू शकते. चार मीटर रुंदीच्या गल्लीत एवढी चूक झाली, तर नळ रस्त्याच्या डाव्या बाजूस आहे की उजव्या, हेच कळणार नाही. दुरुस्ती संकेत घेणाऱ्या सर्वेक्षण उपकरणांनी हीच चूक काही सेंटिमीटरपर्यंत खाली येते. मोजणी उघड्या चरातच व्हावयास हवी.

रस्ता खोदण्यास परवानगी देताना ग्रामपंचायती खड्डे पूर्ववत करून देण्याची अट घालतात. आमच्या मते, टाकलेल्या नळाचा प्रत्यक्ष मोजणीवर आधारित नकाशा पंचायतीच्या दप्तरी देण्याची अटही तितकीच आवश्यक आहे. खोदकामाची पूर्वसूचना भूमिगत वाहिन्यांच्या मालकांस मिळावी म्हणून केंद्र शासनाने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले आहे. ज्या वाहिन्यांची नोंद तेथे झालेली असते, त्यांच्याच मालकांस सूचना जाते. अनेक गावांत नळपाणी योजनेचा नकाशा पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या स्मरणातच असतो. तेथे वायुवाहिनीचा चर खोदताना पहिला घाव पाण्याच्या नळावर बसतो.