अंगठीच्या आतलं नाव

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारे हौशी लोक बरेच आहेत. त्यांना कधीकधी मातीत जुनी सोन्याची अंगठी सापडते. बाहेरून काळा मीना, एखादी कवटी. आत मृताची आद्याक्षरं आणि मृत्यूची तारीख. ही शोक-अंगठी. ती आप्तमित्रांना मिळावी म्हणून लोक मृत्युपत्रातच पैसे ठेवत. शेक्सपिअरने १६१६ मध्ये तीन नटमित्रांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले होते.

अंगठी तीनशे वर्षांहून जुनी असेल, तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. (हाच अधिकारी संशयास्पद मृत्यूंचीही चौकशी करतो!) संग्रहालयाने ती घेतली, तर मोबदला सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवा.

अंगठी गुपचूप मोडीत घातली, तर सोन्याचा भाव मिळेल. कळवली, तर त्या आद्याक्षरांवरून चर्चच्या दफन-नोंदीत माणूस सापडू शकतो.

माझ्या आजीच्या पाटल्या मोडून ताईचा हार झाला. सराफाच्या चिठ्ठीवर वजन आहे, घट आहे. आजीचं नाव नाही.