ग्रामीण शिल्पोद्यान आणि भव्य धातुशिल्पे : ‘स्टॉर्म किंग’च्या संदर्भात

प्रस्तावना :
शिल्प म्हटले की मंदिराची भिंत, चौकातील पुतळा किंवा संग्रहालयाचे दालन डोळ्यांसमोर येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र शिल्पकलेने या तिन्ही चौकटी ओलांडून शहराबाहेरच्या मोकळ्या भूमीत प्रवेश केला. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे ६० मैलांवर, हडसन नदीच्या खोऱ्यात वसलेले ‘स्टॉर्म किंग आर्ट सेंटर’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. सुमारे ५०० एकरांवरील या शिल्पोद्यानाच्या आधारे शिल्प, धातू आणि भूमी यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात विशद केला आहे.

उद्यानाची जडणघडण :
धातूची जोडसामग्री बनविणाऱ्या स्थानिक कारखान्याचे मालक राल्फ ऑग्डेन आणि त्यांचे भागीदार एच. पीटर स्टर्न यांनी १९६० मध्ये या संस्थेची स्थापना केली. प्रारंभी हडसन खोऱ्यातील निसर्गचित्रांचे संग्रहालय उभारावे, असा विचार होता. १९६७ मध्ये ऑग्डेन यांनी दिवंगत शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांच्या बोल्टन लँडिंग येथील निवासस्थानाला भेट दिली. तेथील शेतात उभी असलेली शिल्पे पाहून ते प्रभावित झाले व त्यांनी स्मिथ यांच्या १३ कलाकृती खरेदी केल्या. उद्यानाला खऱ्या अर्थाने दिशा मिळाली ती या खरेदीमुळे.

येथील भूमीही मुळात जशीच्या तशी राहिलेली नव्हती. १९५० च्या दशकात महामार्गाच्या बांधकामासाठी या परिसरातून मोठ्या प्रमाणावर खडी काढण्यात आली होती. भूदृश्यरचनाकार विल्यम रदरफोर्ड यांनी उकरलेल्या जमिनीला नव्याने उंचसखल आकार दिला. म्हणजेच आज नैसर्गिक भासणारी ही कुरणे काही अंशी मानवनिर्मित आहेत. शिल्पाप्रमाणे भूमीही येथे घडविली गेली.

धातूचे माध्यम आणि भव्यता :
दगड कोरून काढावा लागतो, तर पोलाद जोडून उभारता येते. स्मिथ यांनी तरुणपणी मोटार कारखान्यात व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काम केले होते. जोडकामाचे ते कौशल्य त्यांनी कलेत आणले. मार्क डी सुवेरो यांनी क्रेनच्या साहाय्याने इमारतींच्या पोलादी तुळया वापरून शिल्पे उभारली. अलेक्झांडर काल्डर यांचे ‘द आर्च’ (१९७५) हे काळ्या रंगाने रंगविलेले पोलादी शिल्प ५६ फूट उंच आहे. एखाद्या दालनात ते मावणार नाही आणि मावले तरी गुदमरेल. त्याची उंची जाणवते ती मागील टेकड्या व आकाश यांच्या तुलनेत.

रिचर्ड सेरा यांच्या ‘शुनेमंक फोर्क’ (१९९०-९१) या कलाकृतीत याच्या उलट विचार आढळतो. ८ फूट उंचीच्या व अडीच इंच जाडीच्या ४ पोलादी पट्ट्या उतारावर अंशतः जमिनीत रोवल्या आहेत. दुरून त्या रेषांसारख्या दिसतात. जवळून चालताना मात्र त्यांच्यामुळे जमिनीचा चढउतार प्रत्ययास येतो. पाहणाऱ्याचे चालणे हा येथे शिल्पानुभवाचाच भाग ठरतो.

हवामान आणि जतन :
उघड्यावरील शिल्पाला ऊन, पाऊस, बर्फ व वारा सतत सोसावा लागतो. रंगविलेल्या शिल्पात रंग हा कलाकृतीचाच घटक असल्याने पुन्हा रंगविताना मूळ छटा व चमक सांभाळावी लागते. सेरा यांनी वापरलेल्या हवामानसह पोलादात तांबे, क्रोमियम यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात असतात. ओले होणे व वाळणे या चक्रातून त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो व तो पुढील झीज मंदावतो. मात्र पाणी साचून राहिल्यास किंवा खारा वारा सतत लागल्यास हा थर स्थिरावत नाही. म्हणून एका ठिकाणी टिकणारा धातू दुसऱ्या ठिकाणी टिकेलच असे नाही.

निष्कर्ष :
स्टॉर्म किंगचे महत्त्व केवळ शिल्पांच्या आकारात नाही. जागा, माध्यम, पाया आणि देखभाल यांचा एकत्रित विचार हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ सैद्धांतिक नाही. मालवण येथील राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. स्मारकपुतळा व अमूर्त शिल्प यांची प्रयोजने भिन्न असली तरी वारा, आर्द्रता व खारी हवा दोहोंमध्ये भेद करीत नाहीत. शिल्पाची उंची ठरविण्याआधी त्या जागेची हवा, माती आणि पुढील देखभालीची जबाबदारी निश्चित करणे आवश्यक आहे. कला महाविद्यालये, अभियांत्रिकी महाविद्यालये व रसायनशास्त्राचे विभाग या कामी एकत्र आले, तर बहुविद्याशाखीय अभ्यासाला एक जिवंत विषय लाभेल.