निर्वात नळीचा नाद

उज्जैनच्या रामघाटावरील क्षिप्रेची सायंआरती संपली की, जवळच्याच माझ्या खोलीत मी गिटार घेऊन बसतो. सोबतीस नवा, चिमुकला ध्वनिवर्धक आणि त्याच्या जोडीची ध्वनिपेटी असते.

या ध्वनिवर्धकात व्हॉल्व्ह आहेत. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात. वाटेतील जाळी गिटारच्या क्षीण संकेतानुसार त्यांचा ओघ आवरते वा सोडते, आणि संकेत बलवान होतो. ही जाळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली योजिली. जोर वाढविला तरी व्हॉल्व्हचा स्वर एकदम फाटत नाही. हीच वादकांची आवड.

पेटी मात्र अनुरूप हवी. ध्वनिवर्धकास ८ ओहम सांगितले असल्यास पेटीही ८ ओहमचीच जोडावी. पेटीविना वाजविल्यास आतील ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. म्हणून आधी पेटी, मग कळ. आणि घाट निजला असता खोलीपुरताच नाद पुरे!