कात्री लागण्यापूर्वी

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या अनेक मुलांचे केस कापायचे तर तयारी कित्येक दिवस आधी सुरू करावी लागते, कारण सलूनच्या खुर्चीत कानाशी मशीनची घरघर, मानेभोवती आवळलेले कापड, तोंडावर उडणारा पाण्याचा फवारा, पावडरीचा वास आणि कॉलरमध्ये शिरून टोचत राहणारे बारीक केस हे सारे एकाच वेळी त्या मुलावर येऊन आदळते. यांपैकी बहुतेक संवेदनांकडे इतरांचा मेंदू आपोआप दुर्लक्ष करतो. या मुलांना मात्र त्या असह्य तीव्रतेने जाणवतात, आणि यालाच संवेदी अतिसंवेदनशीलता म्हणतात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या स्वमग्नतेवरील १९४३ मधील प्रसिद्ध निबंधातही अशा मुलांना मोठ्या आवाजांची वाटणारी धास्ती नोंदलेली आहे, तरी अमेरिकी निदाननिकषांत संवेदनांना दिल्या जाणाऱ्या अशा वेगळ्या प्रतिसादांचा स्पष्ट समावेश झाला तो २०१३ मध्ये. जावळ काढताना मामाच्या मांडीवर रडणारे बाळ सर्वांनी पाहिलेले असते, म्हणून सात वर्षांच्या मुलाचा आकांतही नातेवाइकांना तसाच वाटतो, आणि आईला ‘लाडावून ठेवलंय’ हे ऐकावे लागते.

अनुभवी पालक हे काम तुकड्यातुकड्यांनी करतात. आधी बंद मशीन मुलाच्या हाती दिले जाते, मग ते दुसऱ्या खोलीत चालू केले जाते, आणि आवाज सोसवू लागला की हळूहळू जवळ आणले जाते. हलका, ओझरता स्पर्श अनेक मुलांना नकोसा होतो, तर घट्ट दाबाने त्यांतील काही शांत होतात. त्यामुळे निघण्यापूर्वी डोके आणि खांदे दाबून दिले जातात. सलूनमध्ये सकाळची, गर्दी नसलेली वेळ निवडून ‘दहापर्यंत मोजायचं, मग थांबायचं’ असा करार होतो, आणि दहा म्हणताच कात्री खरोखर थांबते तेव्हाच मुलाचा विश्वास बसतो. काही घरांत झोपेत केस कापले जातात. ती सोय समजण्यासारखी असली तरी त्यातून मुलाची सहनशक्ती वाढत नाही. हातपाय धरून केस कापणे मात्र सर्वांत महाग पडते, कारण पुढच्या वेळी सलूनच्या रस्त्यावर वळतानाच मूल बिथरू शकते.

कारागिरांनी एवढे करावे: अर्धे केस कापून मूल खुर्चीवरून उतरले, तर त्याला जाऊ द्यावे आणि उरलेले केस दुसऱ्या दिवशी कापून द्यावेत.