दुसरी वाट आहे, पण ती उघडते का?

एप्रिल २०१४ मधल्या एका रात्री अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट शहरात एक अनोळखी माणूस एका घरात घुसू पाहत होता. घरातल्या बाईंनी ९११ हा आणीबाणीचा नंबर किमान ३७ वेळा फिरवला, पण तो लागला नाही. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातला सुरा हातात घेतला.

त्या रात्री ना वादळ होतं, ना कुठली केबल तुटली होती. इंट्राडो कंपनीच्या कोलोरॅडोतल्या केंद्रातून सात राज्यांतले कॉल त्या त्या ठिकाणच्या नियंत्रण कक्षाकडे वळवले जात. तिथला संगणक प्रत्येक कॉलला क्रमांक द्यायचा आणि या क्रमांकांची कमाल मर्यादा ४ कोटी ठरवलेली होती. ती गाठली गेली आणि पुढचे कॉल अडकले. सुमारे सहा तासांत ६,६०० हून जास्त कॉल वाया गेले. ८१ नियंत्रण कक्षांना आणि सुमारे १ कोटी १० लाख लोकांना याची झळ बसली. मायामीत पर्यायी केंद्र तयार होतं, पण बिघाडाचा इशारा यंत्रणेने किरकोळ म्हणून नोंदवला. त्यामुळे कॉल तिकडे वळवायला तासन् तास गेले.

मग शहरांनी आणीबाणीच्या कॉलसाठी असं नवं, इंटरनेट पद्धतीचं तंत्रज्ञान घेऊच नये का? जरूर घ्यावं. जुन्या टेलिफोन जाळ्यातून कॉलबरोबर मुख्यतः नंबर जायचा. पत्ता वेगळ्या नोंदींतून शोधावा लागे. इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यातून ठिकाण, मेसेज, फोटो पाठवता येतात आणि एका कक्षावर ताण आला तर कॉल दुसरीकडे वळवता येतात. न्यूयॉर्कने २०२० मध्ये ९११ वर मेसेज पाठवण्याची सोय केली. ज्यांना ऐकू येत नाही किंवा हल्लेखोर जवळ असल्यामुळे बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ती जीवनदायी आहे. मात्र पूर्वी एका एक्स्चेंजचा बिघाड त्या भागापुरता राहायचा. आता कोलोरॅडोतली चूक वॉशिंग्टनपासून फ्लोरिडापर्यंत फोन मुके करते.

म्हणून निविदा काढताना किमतीआधी काही गोष्टी विचारायला हव्यात. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खड्ड्यातून तर जात नाहीत ना? वीज गेली तर जनरेटर सुरू होतो, हे कुणी तपासलं आहे? जून २०१२ च्या वादळात उत्तर व्हर्जिनियात टेलिफोन कंपनीच्या केंद्रांतले जनरेटर ऐन वेळी सुरू झाले नाहीत आणि ९११ ठप्प झालं. आणि बिघाडाचा इशारा नेमका कुणाच्या टेबलावर वाजतो, तो माणूस रात्री दोन वाजता जागा असतो का?

२०१४ च्या बिघाडाबद्दल सेंच्युरीलिंक या टेलिफोन कंपनीने १ कोटी ६० लाख डॉलर, तर इंट्राडोने १४ लाख डॉलर भरले. पण दंड नेहमी घटना घडून गेल्यावरच वसूल होतो. तोवर मदत मागणाऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

महाराष्ट्राच्या ११२ या आणीबाणी सेवेचीही नवी मुंबई आणि नागपूर अशी दोन केंद्रं आहेत. पण केंद्र असणं वेगळं आणि वेळेला ते उपयोगी पडणं वेगळं. पहिलं केंद्र मुद्दाम बंद करून सगळे कॉल आपोआप दुसरीकडे जातात का, याची चाचणी ठरावीक मुदतीत व्हावी आणि निकाल लोकांसमोर यावा. ज्या करारात ही अट नाही, तो कितीही स्वस्त असला तरी त्यावर सही करू नये.