फुगलेला मासा : औषधाआधी पाणी पाहा

पेण असो की रोहा, मुलांच्या हट्टापायी दीड खोलीच्या घरातही आता माशांची काचपेटी दिसते. गोल्डफिशचे पोट फुगले की पालक धावतात ते औषधाच्या बाटलीकडे. आम्ही म्हणतो, आधी मासा वरून नीट पाहा. खवले सपाट असतील तर बहुधा अपचन (मादी अंड्यांनीही फुगते, बरे!). दोन-तीन दिवस उपास, मग उकडून सोललेल्या मटाराचा कण द्यावा. पण खवले उभे राहून मासा अननसासारखा दिसू लागला, तर तो जलोदर. मूत्रपिंड काम देईनासे होऊन अंगात पाणी साठते. असा मासा सहसा वाचत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. तरी वेगळ्या भांड्यात २० लिटरला लहान चमचाभर एप्सम सॉल्ट घालून पाहावे.

मूळ बहुधा घाणीत असते. उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवा. सगळी पेटी एकदम घासू नये, उपयोगी जीवाणूही जातात. मेलेला मासा भोगावतीत वा कुंडलिकेत न टाकता मातीत पुरावा.